दुसऱ्या मोरीपाशी

पाटचारीच्या दुसऱ्या मोरीपाशी चुडामणच्या मनगटावरचं घड्याळ पुन्हा थरथरलं. नाडीचे ठोके एकशे दहाच्या वर गेले, की ते असं थरथरे. मग आकडा शंभराखाली येईपर्यंत बसून राहायचं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी घालून दिलेली ही शिस्त होती. लोणखेड्याच्या घरापासून केळीच्या शेतापर्यंतचे दोन किलोमीटर महिनाअखेरपर्यंत एकदा तरी एकशे दहाची हद्द न ओलांडता चालता आले, तर शेत त्याच्याकडे. नाहीतर नाशिकचा मुलगा, भूपेश, ते दुसऱ्याला बटाईने देणार होता. महिन्याचे दोनच दिवस उरले होते.

मोरीवर बसून चुडामणने भूपेशला फोन लावला.

"एकशे दहानी हद्द कोनी लावी रे?"

"डॉक्टरांनी, आबा."

"आनि बटन कोनी दाबं?"

"मी दाबलं."

"तेच इचारी ऱ्हायंतू."

संशयाला जागा होती. केळीचे शेंडे दिसू लागतात नेमकं तिथंच घड्याळ रोज बोंबलत असे. आकडे नाशिकला भूपेशच्या फोनवरही उमटत. त्याने हद्द मुद्दाम खाली ओढली नसेल कशावरून?

घरी त्याने हे बायकोला सांगितलं, तर मंगलाबाई हसली. "शेत दिसनं का तुम्हना पाय पयतस. घड्याय बिचारं काय करी?"

चुडामणला ते पटलं नाही. कापूस विकायला नेताना तो व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी घरून तोलून आणलेलं पोतं ठेवी. काटा खरा की खोटा, ते तिथंच कळे. घड्याळालाही तसंच खात्रीचं माप लावायचं त्याने ठरवलं, आणि घरात मंगलाबाईइतकं खात्रीचं माप दुसरं नव्हतं. पासष्टाव्या वर्षीही ती डोक्यावर चाऱ्याचा भारा आणी. दवाखाना तिने बाळंतपणापुरताच पाहिलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं.

"भूपेशनी माय, सावकाश चाल. तू आनि घड्याय, दोन्हीस्नी परीक्षा शे."

"या वयमा माले बांगड्या भरी ऱ्हायनात का काय!"

पहिल्या मोरीपाशीच घड्याळ थरथरलं. आकडा एकशे अठ्ठावीस.

"धरं! धरं खोटं!" चुडामण मांडीवर थाप मारून ओरडला. महिनाभरात तो इतका खूश झाला नव्हता.

त्याने तिला मोरीवर बसवलं. आकडा उतरायची वाट पाहिली. आकडा एकशे एकतीसवर गेला. दवाखान्यात नर्सने दाखवलं होतं तसं त्याने तिच्या गळ्याशी बोटं टेकवली आणि पंधरा सेकंद मोजले. तेहेतीस ठोके. चारने गुणलं, तर एकशे बत्तीस. ठोकेही सरळ नव्हते. मध्येच एखादा गळत होता, मग दोन घाईघाईने येत होते. तिला धापही लागली होती.

घड्याळ खरं बोलत होतं.

"कव्हयपाशीन चाली ऱ्हायनं हाई?"

"काय?"

"दम."

मंगलाबाईने पदर सारखा केला. "दिवाईपाशीन. तुम्हना दवाखाना चालू व्हता, त्यामा मी मन्हं कसाले काढू?" मग त्याने दवाखान्याचं नाव काढण्याआधीच डोळे बारीक करून ती म्हणाली, "माले दवाखानामा धाडीसन तुम्हले शेतमा मोकयं व्हवानं शे. समजस माले."

चुडामणच्या ओठांवर 'नही' आलं आणि तिथंच अडकलं. मघाशी खुशीत मांडीवर मारलेली थाप त्याला आठवली. अशा माणसाने आपल्याच मनाची ग्वाही कशी द्यावी?

एवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आबा, एकशे एकतीस! पुन्हा शेताकडे धावलात ना?"

"तो मन्हा आकडा नही. तुन्ही मायना शे. गाडी धाड."

"आबा, खरं सांगा. आज घड्याळ आईला, उद्या कोणाला? आकडा चुकवायचा हा बहाणा तर नाही ना?"

चुडामणने फोन मंगलाबाईच्या कानाला लावला.

"भूपेश, तुन्हा बाप उगाच..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द येण्याआधी दोन वेळा श्वास घ्यावा लागला. "उगाच घाबरी..." तिसरा श्वास मोठा, शिट्टीसारखा.

"आबा," भूपेशचा आवाज बदलला होता, "तिला एक पाऊल चालू देऊ नका. गावातल्या धर्मेंद्रला गाडी घेऊन पाठवतो."

मंगलाबाई घड्याळाचा पट्टा सोडवू लागली. चुडामणने तिचा हात धरून ठेवला.

"सोडा. लोक देखतीन."

"देखू दे," तो म्हणाला.