नाही म्हणणाऱ्याची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती मी नव्हे. माझा तर स्वतःचाच एक पाय तोकडा आहे. सुताराने घाईत कापला आणि मला या अध्यापक विद्यालयाच्या गळ्यात मारलं.

लंगडी म्हणून माझ्यावर कुणी बसेना. लेखन शिकवणाऱ्या बाईंनी मात्र मला वर्गाच्या मधोमध ठेवलं. म्हणाल्या, "हिच्यात एक माणूस बसलाय. त्याला तुमचं म्हणणं पटलेलं नाही. आता त्याच्यासाठी लिहा." तेव्हापासून मी झाले नाही म्हणणाऱ्याची खुर्ची. रिकामी असून एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळाला असेल?

या भावी गुरुजींना एक खोड होती. पटवून द्यायला बसले की लागले 'च' पेरायला. 'झाडे लावलीच पाहिजेत.' 'मुलांनी वाचलेच पाहिजे.' बाई कपाळाला हात लावायच्या. "अरे, ही विनंती आहे की दवंडी? समोरच्याला कशाची भीती वाटते, ते आधी लिहा." सगळा वर्ग खो खो हसायचा. ते हसणं आठवलं की आजही भरून येतं.

त्या वर्गात एक शिंप्याची मुलगी होती. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. एक दिवस वडिलांचा निरोप आला, शिक्षण पुरे, घरी ये. बाईंनी तिला माझ्यासमोर उभं केलं. "समज, बाबा बसलेत. सांग त्यांना." तिने लिहून आणलेलं वाचलं, 'मला शिकायचेच आहे. मी शिक्षिका होणारच.'

"गेले बघ उठून," बाई म्हणाल्या.

पोर रडकुंडीला आली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा लिहायला बसली.

त्याच आठवड्यात वडील तिला न्यायला आले. "आधी ऐका तर," म्हणत बाईंनी त्यांना माझ्यावर बसवलं. मी डुगडुगले, ते सावरून बसले. लेक वाचू लागली. 'बाबा, तुम्हाला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी नसले तर कसं होईल, हे तुम्ही बोलत नाही, पण मला कळतं. शेजारच्या काकू रोज सकाळी सुया ओवून ठेवतील. मला हे वर्ष पुरं करू द्याल का?'

माझे हात त्यांनी घट्ट धरले होते. "माझ्या डोळ्यांचं तुला कधी कळलं गं?"

"काजं वाकडी यायला लागली, बाबा."

त्यांनी माझे हात सोडले. "बाई, राहू द्या हिला. मी चष्मा बदलून घेतो." मग लेकीकडे वळून म्हणाले, "पण सुट्टीत घरी यायचंच!" त्या 'च'वर बाईंनी बोट ठेवलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होत्या.

बाई निवृत्त झाल्या. वर्गात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. माझ्यावर आता फरशी पुसायची बादली असते. परवा शिपाईदादा मला मोडीत काढायचं बोलत होते.

दादा, जागा कमी आहे आणि माझी अडगळ होते, हे मला कळतं. पायाखाली लाकडाचा एक तुकडा ठोकून मला परत वर्गात ठेवाल का?