जाळीची वही

टक्.

डबी उघडल्याचा आवाज. बारीकसाच, पण शुक्रवारी आमच्या गल्लीत तेवढाही ऐकू येतो. शुक्रवारी वीज बंद असते, आजूबाजूचे लूम थांबलेले असतात आणि सुरतच्या डिंडोलीत माणसाला आपल्याच घरातलं ऐकू यायला लागतं. अजिंक्य अंगावर पिता पिता झोपला होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब अडकला होता. तो टिपायचाही मला धीर होईना, उठेल म्हणून. मी पडल्या पडल्याच कान दिला.

टक्. डबी मिटली.

कसली डबी? हे तंबाखू खात नाहीत. मशेरी आमच्या घरात नाही. पडद्यापलीकडं प्राजक्ता खुदकन हसली, आणि हे दबक्या आवाजात म्हणाले, "शू! आईला उठवू नको."

माझ्यापासून काय लपवायचं होतं, तेही पाच वर्षांच्या पोरीला हाताशी धरून? पण मला आजच संशय आला असं नाही. बारा दिवस झाले, मी ह्यांच्या पिशवीकडं, ह्यांच्या हाताकडं चोरून बघते आहे.

बारा दिवसांपूर्वी उधन्याच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात (इथं त्याला खातंच म्हणतात), पंडितभाऊंचा डाव्या हाताचा अंगठा मोटारीच्या पट्ट्यात गेला. पंडितभाऊ आमचे शेजारी, अमळनेरकडचेच. हे त्याच खात्यात मास्टर, सगळे कारागीर ह्यांच्या हाताखाली. हात आत जाऊ नये म्हणून पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. ती होती की नव्हती, एवढंच मी त्या संध्याकाळी विचारलं. "तू सैपाक बघ," म्हणाले. मग सैपाक झाला तर जेवलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी ह्यांच्या रेक्झिनच्या पिशवीतून एक जाड वही निघाली.

"तुझं अक्षर चांगलं आहे. जुनी वही पाण्यानं भिजली, ह्यात उतरव."

वर रकाने आखलेले. तारीख, कारागिराचं नाव, जाळी लावूनच काम करण्याची सूचना दिली, सही किंवा अंगठा.

"जुनी कुठं आहे?"

"शेठकडं."

"मग उतरवू कशावरून?"

"मी सांगतो ना."

हे दिवाळीपासूनच्या तारखा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पाच-सहा ओळी झाल्या की माझ्या हातातलं निळं पेन काढून घेत, काळं देत. मी दहावी पास आहे. दोन पेनं कशासाठी, ते कळायला तेवढं शिक्षण पुरतं. तरी मी विचारलं नाही. वही भरून दिली. अक्षर खरंच छान आलं होतं.

आज मी बाहेर आले तेव्हा हे मोरीत बसून रॉकेलच्या चिंधीनं हात घासत होते.

"ग्रीस लागलं."

"शुक्रवारी?"

"कालचं आहे." माझ्याकडं न बघता चपला घातल्या नि चहाला निघून गेले. प्राजक्ता कोपऱ्यात मूठ आवळून बसली होती. मी बघितलं तशी तिनं मूठ फ्रॉकखाली सारली.

तेवढ्यात दारातून हाक आली. "उज्ज्वला, जागी शे का वं?"

पंडितभाऊंच्या शोभाबाई. मी या म्हटलं, पण त्या उंबऱ्यावरच टेकल्या.

"कसे आहेत भाऊ?"

"त्यासले काय व्हस! घास उजव्या हातनी खाई लेतस, पण सदरानी गुंडी लागत नही. मी लावस तं म्हणतस, लगीननंतर पहिल्यांदा इतली जवळ उनीस." त्या हसल्या आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "अर्ज लिखा का तू?"

"आज लिहिते. बाळ झोपलाय तोवर."

"सोमवारी तपासणीना साहेब येई ऱ्हायनात खात्यामा. यासनी जाळी दोनदा मांगी व्हती, ते लिख. दोनदा. शेठ बोलना, जाळी लावी तं पट्टा बदलाले येळ लागस. आते तोच शेठ म्हणस, आम्ही सांगेल व्हतं, पंडितनीच ऐकं नही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुना मालक मास्टर. त्याले जाळी दिसनी नही का वं?"

मी अजिंक्यच्या दुपट्याची घडी घालत राहिले.

"जाऊ दे. तुले काय बोलू? तुना हात तं आमनाकडे शे."

त्या गेल्या. मी दाराला कडी लावली, स्टुलावर चढले आणि ज्वारीच्या डब्यामागची वही काढली. शेजारी पत्र्याची चपटी डबी होती. शिक्क्याच्या शाईची. उघडताना टक् वाजली.

परवापर्यंत शेवटचा रकाना कोरा होता. आता त्यात निळे अंगठे उमटले होते, पानापानावर. माझी मोत्यासारखी नावं आणि पुढं एकेक अंगठा. नावं निरनिराळी, पण प्रत्येक अंगठ्यावर तीच तिरपी रेघ. ती रेघ मला माहीत आहे. लग्नाच्या वर्षी लूमचं शटल लागून ह्यांचा अंगठा चिरला होता. हळद मीच भरली होती.

पंडितभाऊंचं नाव तीनदा होतं. दोन ठिकाणी पुढं काहीच नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी अंगठा होता आणि त्यावर रेघ नव्हती. चिंचोक्याएवढा होता तो.

मी वही घेऊन स्टुलावरून उतरले.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या वर्षी सगळं सुरत गावाकडं पळालं, तेव्हा प्राजक्ता सहा महिन्यांची होती. ताप्ती लाईनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला ताप चढलेला. नंदुरबारपर्यंत पंडितभाऊंनी तिला छातीशी धरून उभ्यानं आणली. ती रडायला लागली की ते तिच्या मुठीत आपला अंगठा द्यायचे, आणि ती गप्प व्हायची. डावाच असणार. उजव्या हातानं त्यांनी वरची दांडी धरली होती.

"प्राजू, मूठ उघड."

"ना."

"उघड, माझी राणी."

अंगठा निळा होता. रॉकेलनं घासून कातडी लाल झाली होती, तरी रेषांमध्ये शाई उरलीच होती.

हे परत आले तेव्हा वही माझ्या मांडीवर होती. ह्यांनी ती पाहिली, आणि आधी वळून कडी लावली.

"पोरीचा अंगठा?" मी विचारलं.

"पंडितच्या नावापुढं माझा हात धजेना." हे भिंतीला टेकून बसले. "ही मांडीवर येऊन बसली. म्हणाली, मी करू? मी तिला अडवलं नाही."

"साहेबांना दिसणार नाही?"

"साहेब पानं मोजतात. अंगठे कोण बघतंय!"

"जाळी कुणी काढली होती?"

ह्यांनी पायाच्या नखाशी चाळा केला. "मी. शेठनं सांगितलं म्हणून. आता शेठ म्हणतो, मी कुठं सांगितलं? लिहून दिलंय का? उज्ज्वला, ही वही नसेल तर तुरुंगात मी जाईन, तो नाही."

"आणि वही असेल तर?"

"पंडितला शेठ वॉचमन ठेवील."

"तसं म्हणाला?"

"म्हणेल."

 ह्या माणसानं कधी मला हात लावला नाही, पोरीला कधी रडू दिलं नाही. खोटंही नीट बोलता येत नाही ह्यांना. म्हणून तर बारा दिवस मी संशयावर काढले. सरळ विचारलं असतं तर खरं कळलं असतं, आणि तेच मला नको होतं.

शोभाबाईंच्या अर्जाचा कागद मी वहीवरच ठेवला आणि निळं पेन घेतलं. 'पट्ट्यावर जाळी नव्हती. ती दोन वेळा मागितली होती.' खाली वहीत तेच अक्षर, तीच शाई, आणि वहीत लिहिलेलं की सूचना दिली, म्हणजे जाळी होतीच. दोन्ही कागद सोमवारी एकाच टेबलावर जातील. त्यातला एकच खरा, आणि ते ठरवायचं माझ्या मांडीवर.

"दे," हे म्हणाले. हात पुढं केला. "शेठ वाट बघतोय."

मी दोन्ही हात वहीवर दाबून धरले. हे ओढेनात, आणि मी सोडेना. आत अजिंक्य कुरकुरला.

प्राजक्ता आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. निळा अंगठा तिनं दुसऱ्या हातात जपून धरला होता, जणू पाखराचं पिल्लू.

"आई, पप्पा म्हणाले, आज तू पंडितकाका. मग त्यांचा अंगठा माझ्याकडं आला ना?"

तिनं अंगठ्यावर फुंकर घातली.

"पण त्यांना गुंडी लावायला लागतो. शोभाकाकू आत्ता म्हणाली." तिनं अंगठा माझ्यापुढं धरला. "आई, हा परत कसा द्यायचा?"