तळपायांनी ऐकलेली हलगी

कासारवाडी स्टेशनामागे मन्सूरभाईंचं रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर लाकडी फळ्यांचा माळा. एका रविवारी प्राजक्ता आणि तिची धाकटी बहीण वर्षाली बिघडलेला मिक्सर घेऊन तिथे गेल्या. मिक्सरचा सुटा भाग माळ्यावर होता. मन्सूरभाई वर चढले, आणि प्राजक्ताही कुतूहलानं त्यांच्या मागोमाग गेली. तेवढ्यात लोणावळ्याकडे जाणारी गाडी शेजारून धडधडत निघाली.

प्राजक्ता जागीच थांबली. तिनं चप्पल काढली, फळ्यांवर अनवाणी उभी राहिली आणि डोळे मिटले. गाडी गेल्यावर तिनं हात हलवून वर्षालीला वर बोलावलं आणि भराभर खुणा केल्या.

"भाई, ताई म्हणायलीय, गाडीचा एकेक डबा मोजता आला," वर आलेल्या वर्षालीनं सांगितलं. "तिला ऐकू येत नाही ना. पण पायांना कळलं म्हणते."

दोघी बहिणी मूळच्या अंबाजोगाईच्या. प्राजक्ताला जन्मापासून ऐकू येत नाही. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायच्या लाइनवर ती काम करते, आणि तिच्यासारख्याच आणखी सातजणी तिथे आहेत. वर्षाली त्याच कंपनीत स्टोअरला आहे. आदल्या वर्षी कंपनीच्या स्नेहसंमेलनातल्या नाचाच्या स्पर्धेत या आठजणींनी रेकॉर्डवरच्या हलगीवर लेझीम केलं होतं. वर्षाली स्टेजच्या खाली उभी राहून हातानं ठेका दाखवत होती आणि त्या तिच्याकडे बघत पावलं टाकत होत्या. वर्षालीचा हात दिसणार, मग पाऊल पडणार, म्हणजे हलगीच्या मागे एक क्षण तरी जाणारच. तरी टाळ्या भरपूर पडल्या. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचाऱ्या, कौतुक आहे हं." प्राजक्ताला ओठ वाचता येतात. त्या टाळ्या तिनं त्याच दिवशी मनातून काढून टाकल्या.

माळ्यावर उभी असताना तिच्या डोक्यात आलं ते असं: गाडी पायांना कळते, तर हलगी का नाही कळणार? यंदाच्या संमेलनातही खरी हलगी, ढोल-ताशे आणायची सोय नव्हती, सभागृहात ते चालणार नाहीत असं कंपनीनं आधीच सांगून टाकलं होतं. वाजवायचं ते रेकॉर्डिंगच.

मन्सूरभाईंनी तिचं म्हणणं वर्षालीकडून समजून घेतलं आणि माळ्याच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली कमरेएवढ्या उंचीची दोन लाकडी खोकी होती. एका बंद पडलेल्या कंपनीच्या क्लबातून भंगारात निघालेले जुने स्पीकर. आत परातीएवढा कागदी पडदा.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे असतील. घ्यायला कुणी येत नाही. जागा खातात म्हणून बायको रोज बोलते," ते म्हणाले. "पण खालचा आवाज असा देतात की भिंत हलते. लावून बघू."

त्यांनी दुकानातला एक छोटा, नवा ॲम्प्लिफायर जोडला आणि मोबाइलवरची हलगी लावली. प्राजक्तानं तळहात खोक्यावर ठेवला. हाताला कळत होतं, पायांना काहीच नाही. तिनं आवाज वाढवायची खूण केली. मन्सूरभाईंनी बटण फिरवलं तसा आवाज फाटला, जळका वास आला, आणि ॲम्प्लिफायर स्वतःच बंद पडला.

प्राजक्तानं बोटांनी घुसळल्याची खूण केली. "सगळे ठोके एकमेकांत गेले," वर्षालीनं सांगितलं. "डाळ झाली म्हणते."

मन्सूरभाईंनी ॲम्प्लिफायरची पिन काढली. "बरोबर! फाटलेला आवाज मला कानानं कळला, तिला हातानं. पोरी, स्पीकर तगडा आहे, त्याला ढकलणारा कमी पडतो. ताकद संपली की ॲम्प्लिफायर ठोक्याचा माथाच छाटून टाकतो. आणि तसंच रेटत राहिलं तर स्पीकरही जळतो. लोकांना वाटतं मोठ्या ॲम्प्लिफायरनं जळतात. दम संपलेल्या छोट्यानं जास्त जळतात."

पुढच्या रविवारी त्यांनी बाजारातून एक मोठा आणला. खोक्यावर वॅटचा आकडा डोळे दिपवणारा होता. तोही तापला आणि बसला. "आकडा खोक्यावर छापलाय, आत भरायचा राहिला," मन्सूरभाई चिडून म्हणाले. मग जरा वेळानं त्यांना माणच्या सोपानरावांची आठवण झाली.

सोपानराव कदम म्हणजे माणचे जुने बागायतदार. आता त्यांच्या घराभोवती आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या थोरल्या भावानं कुवेतहून एक रिसीव्हर आणला होता. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, आणि पेटी उचलायला दोन माणसं. मन्सूरभाईंनी तो एकदा पूर्वी उघडला होता. आतला ट्रान्सफॉर्मर पाहून त्यांना घाम फुटला होता.

तिघं माणला गेले. सोपानरावांनी चहा दिला, पण विषय निघताच मान हलवली. "न्हाई. भाऊ गेला, आता त्याची एवढीच खूण हाय. आन त्यो वाजतोय कुटं? लेकीच्या हळदीला मोठ्यानं लावला तर माजे दोन्ही स्पीकर जळाले. तवापास्नं गोधडीत गुंडाळून ठिवलाय."

"काका, तुमचे स्पीकर लहान होते, रिसीव्हर पैलवान," मन्सूरभाई म्हणाले. "माझ्याकडे स्पीकर पैलवान आहेत आणि त्यांना जोडीदार मिळत नाही."

"जोडी जमतीय म्हना की," सोपानराव हसले. पण लगेच म्हणाले, "तरी घराभाईर द्यायचा न्हाई."

प्राजक्ता सगळ्यांचे ओठ बघत होती. तिनं वर्षालीला काहीतरी सांगितलं. वर्षाली जरा घुटमळली, मग म्हणाली, "ताई म्हणायलीय, देऊ नका. तुम्हीच त्याला घेऊन चला. वाजेल तेव्हा त्याच्याजवळ बसा."

सोपानरावांनी प्राजक्ताकडे नीट पाहिलं. ती कुणाकडे उपकार मागायला आल्यासारखी बसली नव्हती. सौदा करायला आल्यासारखी ताठ बसली होती. "व्हय," ते म्हणाले. "ह्ये बोलनं पटलं."

रिसीव्हर दुकानात आला. मन्सूरभाईंनी घाई केली नाही. सुकलेले कंडेन्सर बदलले, गंजलेली बटणं साफ केली, आणि पहिल्यांदा वीज देताना मध्ये एक साधा बल्ब जोडला, आत काही बिघाड असला तर बल्ब भगभगेल आणि मशीन वाचेल म्हणून. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. रिसीव्हरच्या काचेमागे हिरवा उजेड पसरला, आवाजाचा जोर दाखवणारे दोन बारीक काटे थरथरले. शेजारी स्टुलावर बसलेल्या सोपानरावांनी डोळे पुसले आणि "धूळ हाय लई हितं," असं पुटपुटले.

माळ्यावर आठहीजणी अनवाणी उभ्या राहिल्या. स्पीकर फळ्यांवरच ठेवले होते. मन्सूरभाईंनी हलगी लावली आणि सावकाश बटण फिरवलं. काटे ठोक्यागणिक उसळू लागले, पण अर्ध्याच्या पुढे गेले नाहीत. आवाज कुठेही फाटला नाही.

प्राजक्ताच्या टाचेतून ठोका वर आला. गुडघ्यात, मांडीत, मग छातीत. मोठा ठोका वेगळा, त्यामागची बारीक टिपरी वेगळी. तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तेच होतं. कुणीच इशारा केला नाही आणि आठही लेझिमी एकदम उघडल्या.

त्यानंतर रोज शिफ्ट संपली की आठहीजणी माळ्यावर. सुरुवातीला पावलं चुकली, भांडणंही झाली, एकदा फळी मोडली. पण वर्षालीनं समोर उभं राहणं सोडून दिलं. ती आता जिन्यात बसून शेंगदाणे खात बघायची.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी टेम्पोतून खोकी उतरताना कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा माणूस आडवा आला. "मॅडम, आमची एवढी भारी सिस्टिम आहे, ही कपाटं कशाला?"

"तुमची सिस्टिम खाली प्रेक्षकांसाठी आहे," वर्षाली म्हणाली. "आमच्या कलाकार स्टेजवर आहेत. स्टेज हलायला पाहिजे."

त्याला कळलं नाही, पण तिचा आवाज ऐकून तो बाजूला झाला. खोकी स्टेजच्या फळ्यांवर दोन टोकांना ठेवली. रिसीव्हर विंगेत, त्याच्या एका बाजूला मन्सूरभाई, दुसऱ्या बाजूला फेटा बांधून सोपानराव.

पडदा उघडला तेव्हा आठहीजणी प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या होत्या. मागच्या वर्षीचं आठवणाऱ्यांना वाटलं, काहीतरी चुकलंय. पाठ केल्यावर यांना ठेका दाखवणार कोण? हलगीचा पहिला ठोका पडला, त्याच क्षणी आठही पाय पडले, आणि लेझीम छनकली. त्या गर्रकन वळल्या. ठेका दुप्पट वेगाचा झाला, त्यांची पावलंही दुप्पट वेगानं पडू लागली. मग प्राजक्तानं स्वतः बसवलेली जागा आली. हलगी एकदम थांबते, काही क्षण पूर्ण शांतता, आणि अवचित पुन्हा सुरू होते. ऐकू येणारं पथकही तिथे अडखळलं असतं. या आठजणी शांततेत दगडासारख्या थांबल्या आणि ठोक्याबरोबर विजेसारख्या सुटल्या.

सभागृह उठलंच. कंपनीच्या रंगकाम विभागातली, पेंट शॉपची पोरं खुर्च्यांवर चढली. कुणी "बिचाऱ्या" म्हणालं नाही. म्हणायला कुणाला सुचलंच नसतं. सगळे एकच ओरडत होते, "वन्स मोअर!"

प्राजक्तानं ते ओठ दुरूनही वाचले. घामानं डवरलेली ती विंगेकडे वळली आणि तळहात वर, वर असा उचलला. अजून मोठ्यानं.

मन्सूरभाईंनी काट्यांकडे पाहिलं. सोपानरावांनीही पाहिलं. "अजून लई जागा हाय की," सोपानराव म्हणाले. "हाना!"

बटण फिरलं. स्टेज असं गदगदलं की पहिल्या रांगेतल्या मॅनेजरसाहेबांच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला. आठजणी पुन्हा सुटल्या, या वेळी आधीपेक्षाही वेगात. पहिलं बक्षीस त्यांचं, हे नंतर कधीतरी माइकवरून जाहीर झालं. ते ऐकायला कुणी जागेवर बसलेलंच नव्हतं. निम्मा पेंट शॉप स्टेजवर चढून त्यांच्याकडून पावलं शिकत होता.