माझ्या कार्बोरेटरला पुट्टी फासणाऱ्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि मुळीच गरीब स्वभावाची नाही. जुन्या वस्तूंनी सगळं सोसून वर गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि मी तो उगवला.

जन्म माझा कारखान्यातला, पण मी घडले काचेच्या दुकानात. मालकांनी माझ्या हौद्यात लाकडाची तिरकी चौकट ठोकली, तिला जुन्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि तिला टेकून खिडक्यांच्या काचा उभ्या केल्या. मालक गेल्यावर मालकीणबाई मला चालवू लागल्या. काय हात होता त्यांचा! अकरा वर्षांत एक काच तडकली नाही. शेजारी म्हणायचे, "या बाई काठोकाठ भरलेली बादलीसुद्धा न सांडता नेतील." मी फुशारून जायची.

हे एका माणसाला बघवत नव्हतं. मालकीणबाईंचे धाकटे दीर! दुकानात बसून मापं लिहून घेण्यात त्यांना कमीपणा वाटे. त्यांना स्टिअरिंग हवं होतं.

एकदा बाई कुणाच्या खिडक्या मोजायला गेल्या असताना त्यांनी हौसेने माझा कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळण्याचं काम तो करतो. त्याच्या बुडाशी पातळ पॅकिंग असतं, ते यांनी ओढून फाडलं. नवं आणायचं की नाही? छे! त्यांनी खिडकीच्या काचेला लावायची पुट्टी घेतली आणि चहूबाजूंनी फासली. "काच घट्ट बसते, तर हा का नाही बसणार?" असं स्वतःशीच म्हणून बोनेट लावून मोकळे! काचवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसालाच ही अक्कल सुचणार.

इंजिनाच्या धगीने पुट्टी सुकली, तडकली. फटीतून नको तेवढी हवा आत शिरू लागली. मी जागच्या जागी थडथडू लागले आणि माझ्याबरोबर काचाही. नव्या दवाखान्याच्या खिडक्यांचं मोठं काम होतं. पहिल्या खेपेला दोन काचा गेल्या, दुसऱ्या खेपेला चार. तिथला मुकादम म्हणाला, "आता एक जरी फुटली, तर काम दुसऱ्याला देणार."

दीर लगेच म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण तुम्हाला क्लच सांभाळता येत नाही. चावी माझ्याकडे द्या, तुम्ही आपल्या दुकानात बसा."

"इतकी वर्षं काय झोपेत चालवली मी, भाऊजी?" बाई म्हणाल्या. पण नंतर एकट्याच माझ्या बोनेटवर हात ठेवून पुटपुटल्या, "खरंच माझंच चुकतंय का गं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याला सोडायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने प्लग बदलले, पेट्रोल येण्याची बारीक भोकं, म्हणजे जेट, फुंकून साफ केले, स्क्रू अर्धा आटा आत, अर्धा आटा बाहेर फिरवून पाहिला. माझी थडथड तशीच. त्याने कार्बोरेटरच्या तोंडावरची हवेची जाळी काढली. बाई आत बसून रेस देत होत्या. दीर वाकून म्हणाले, "गाडीत काही नाही हो, चालवणारीत आहे." फट्! मी त्यांच्या तोंडावर जाळ फेकला. उजवी मिशी साफ! काय बरं वाटलं म्हणून सांगू! पण या गृहस्थांनी त्याचंही खापर बाईंवरच फोडलं. "बघा, रेससुद्धा देता येत नाही!" माझा राग दुप्पट झाला.

शेवटी बाई स्वतः जाऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आल्या. सगळे त्यांना नळीमामा म्हणत. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं, ही त्यांची पद्धत. कार्बोरेटरच्या बुडाशी नळी थबकली. मामांनी तिथे साबणाचं पाणी शिंपडलं. पाणी फटीत ओढलं गेलं आणि माझी थडथड क्षणभर थांबली.

"घोडं इथं पेंड खातंय, बाई," मामा म्हणाले. त्यांनी इंजिन बंद करून कार्बोरेटर उतरवला आणि वाळकी खपली बाईंच्या तळहातावर ठेवली. "ही तुमच्याच दुकानातली."

बाईंनी दिरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते. बाई ओरडल्या नाहीत. "भाऊजी, उद्या काचा जायच्यात. तुम्ही मागे बसा, धरून."

नवं पॅकिंग बसलं. दुसऱ्या दिवशी दीर हौद्यात चौकटीला मिठी मारून बसले. दवाखान्याच्या फाटकाशी मोठा खड्डा होता. एक हिसका दिला असता तर बत्तीशी खुळखुळली असती! पण काचा बाईंच्या होत्या. मी दातओठ खाल्ले आणि अलगद उतरले. एकही काच तडकली नाही.

काचा उतरवून झाल्यावर मुकादम बाहेर आला आणि त्याने दिरांच्या खांद्यावर थाप मारली. "आज तुम्ही चालवली वाटतं? तरीच!"

बाई बाजूला उभ्या राहून चौकटीच्या पट्ट्या आवळत होत्या. सगळे गवंडी, सुतार बघत होते. दिरांनी मुकादमाचा हात खांद्यावरून खाली केला.

"वहिनींनी चालवली," ते म्हणाले. "नेहमी त्याच चालवतात. आधीच्या काचा माझ्यामुळे फुटल्या."

मित्रांनो, गाडी कुरकुरली तर नीट कान लावा, योग्य तो भाग घाला. चूक झाली तर कबूल करा. ती लपवून दुसऱ्याला बोल लावाल, तर एक दिवस चारचौघांत आम्ही ती तुमच्याच तोंडून वदवून घेऊ.