समोरचं दुकान

शहराच्या मधोमध आमचा मॉल उभा राहिला तेव्हा मी शाळेत जात होते. सरकता जिना बघायला माणसं घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन यायची आणि पहिल्याच पायरीशी अडून बसायची. मागे ही रांग! बाबा नुकतेच गेले होते. आईनं कंबर कसली आणि पहिल्या मजल्यावर बटणं, चेन, लेस असलं सटरफटर विकायचं दुकान टाकलं. दुकान कसलं, कपाटच म्हणा. समोर घड्याळं दुरुस्त करणारे काका. पण समोर म्हणजे मधल्या चौकाच्या पलीकडे! हा चौक वरच्या काचेच्या छतापासून तळमजल्यापर्यंत सताड मोकळा, दोन्ही अंगांना कठडे. जिनेही दोघांचे वेगळे. आईला जेवायला आत वळायचं असलं की ती कठड्यापाशी येऊन ओरडायची, "लक्ष ठेवा हो!" पलीकडून हात वर व्हायचा, "आहे, आहे!" काकांना कुठं जायचं असलं की ते ओरडायचे. एवढंच यांचं बोलणं. काका एकटे, लग्नाच्या भानगडीत कधी पडलेच नाहीत.

मॉलनं मात्र सगळे दिवस बघितले. वरती सिनेमा आला तेव्हा सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. मग शहराबाहेर दुसरा मॉल झाला, दहापट मोठा, आणि आमच्याकडे चिटपाखरू फिरेना. सिनेमा बंद, शटरं खाली, वरच्या मजल्यांचे दिवेसुद्धा काढून टाकले. तेव्हा मालकानं उरलेल्या दुकानदारांना सांगितलं, तळमजल्यावर दाराजवळ या, आहे त्याच भाड्यात. सगळे उड्या मारत खाली गेले. आई जागची हलली नाही.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. मी गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे माझा आवाज मुळातच चढा.

"इथं उजेड चांगला पडतो," आई म्हणाली.

समोर काकाही हलले नव्हते. खाली धूळ फार, घड्याळात जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हटलं, जोडी चांगली जमलीय दोन हट्टी माणसांची! त्यापुढे माझी अक्कल काही धावली नाही.

मग दवाखाने आले, नाचाचे क्लास आले, मॉल पुन्हा गजबजला, आणि गेल्या वर्षी नवा मालक आला. त्याच्या मते चौक म्हणजे वाया गेलेली जागा. मधे स्लॅब टाकायचा आणि अख्ख्या पहिल्या मजल्यावर एकच मोठं दुकान काढायचं. जुन्या दुकानदारांना खाली गाळे, तेही चिठ्ठ्या टाकून. आईला मिळाला पुढच्या दरवाजाजवळचा. मी तर आनंदानं नाचायचीच बाकी होते! काकांना मिळाला पार मागे, गाड्या लावायच्या जागेजवळचा. मधे मॉलची सगळी लांबी.

त्या दिवसापासून आईचं जेवण तुटलं. ताटात चिवडत बसायची. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, "अगं, एवढा मोक्याचा गाळा मिळाला, आणि तोंड का पाडून बसलीस?"

"आता लक्ष कोण ठेवणार?" आई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मला इतकं रडू आलं, आणि इतका रागही! एवढी वर्षं बाई गप्प बसली कशी?

सामान हलवायच्या दिवशी मी खोकी भरून गाडी पुढच्या दाराशी उभी केली, तर आई म्हणते, "मागच्या दाराला घे." तिनं परस्पर चष्मेवाल्याशी गाळा बदलून घेतला होता. त्याचा गाळा काकांच्या बरोब्बर समोर. मी गाडी वळवली. मागच्या दारातून आत शिरलो, तर समोरच्या गाळ्यात घड्याळं नाहीतच. किल्लीवाला बसलाय.

"काका कुठायत?" मी विचारलं.

"त्यांनी माझा गाळा घेतला ना! पुढचा, तुमच्या आईंच्या समोरचा," किल्लीवाला म्हणाला. "आठवडाभर मागे लागले होते."

अरे देवा! दोघांनीही एकमेकांसाठी जागा बदलली आणि एकमेकांना अवाक्षरही सांगितलं नाही. सांगणार कसं? कठड्यावरून ओरडायचं ते फक्त जेवायला जाताना. आई खोक्यावर मटकन बसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती उठली, पदर नीट केला आणि चालू लागली, सगळा मॉल ओलांडून. मी मागून पळत. अशी तरातरा चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

काका पुढच्या गाळ्यात चष्मेवाल्याकडे बघत सुन्न बसले होते. आई थेट त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मला तुमच्या समोर बसायचं होतं," ती म्हणाली. "म्हणून मी मागे गेले."

काका उठून उभे राहिले. "मी त्याचसाठी पुढे आलो हो."

चष्मेवाला भला माणूस. तो लगेच म्हणाला, "मग मी जातो परत मागे." काका म्हणाले, "नको, मीच मागे जातो." आई म्हणाली, "छे, मी येते ना पुढे."

"खबरदार!" मी अशी ओरडले की दारातला रखवालदार दचकला. "आता कुणी कुठं जायचं नाही. पुन्हा घोळ घालाल!"

काकांनी मग टेबलावरची घड्याळं हातानं एका बाजूला सारली, अर्धं टेबल मोकळं केलं आणि आतलं एक स्टूल ओढून आपल्या शेजारी ठेवलं.

"समोर पुष्कळ बसलो," ते म्हणाले. "इथं या."

आई आत गेली आणि स्टुलावर बसली. बराच वेळ ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली, "तुमच्या हनुवटीवर तीळ आहे!"