बांधावरची वाट

बाळासो वकिलांनी हुकमाची प्रत टेबलावर ठेवली आणि चष्मा काढून पुसू लागले.

"हरलो न्हवं?" गणपतरावांनी विचारलं.

"मनाई हुकूम मिळाला नाही. शेजारच्या पिराजीनं त्याच्या रानातली तुमची जुनी वाट अडवलीय, ती आत्ता तरी उघडत नाही."

ऊस तोडीला आला होता. वाट नसेल तर ट्रॅक्टर फडापर्यंत जाणार नव्हता. म्हणून गणपतराव आणि त्यांची बायको तानाबाई गडहिंग्लजहून पहिल्या एसटीनं कोल्हापूरला आले होते.

"पण मी बरंच वाचून काढलंय," म्हणत वकिलांनी पुस्तकं उघडली. कलमं झाली, निवाडे झाले. तानाबाई पंख्याकडे बघू लागल्या.

"सायेब, तुमी लई शिकलाय, त्ये कळलं," गणपतराव म्हणाले. "आता आमचं काय, त्ये सांगा की!"

वकील थांबले. बायको, अरुणा, असेपर्यंत प्रत्येक सल्ला ते आधी तिला सांगत. ती भाजी निवडत ऐकायची. तिला कळला, तरच तो पक्षकाराला. ती गेल्यापासून त्यांनी कुणाला सांगून पाहिलंच नव्हतं.

"आत या. चहा टाकतो."

आत स्वयंपाकघरात त्यांना साखर सापडेना. तानाबाईंनी त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"बसा तिथं. तुमी नुसतं बोला."

ते अरुणाच्या स्टुलावर बसले. पुस्तकं बाहेरच राहिली होती.

"कोर्टात आपण म्हणालो, वाट आमची. पुरावा कमी पडला. आता तहसीलदारांकडे जायचं आणि तसं म्हणायचंच नाही. रानात जायला दुसरी वाट नाही, बांधावरून द्या, एवढंच. कायद्यात तशी सोय आहे."

"मागायची? वाट माझ्या आज्ज्याची हाय!"

"गणपतराव, आज्ज्याची वाट पाहिजे, का ऊस बाहेर पाहिजे?"

"आता कसं!" तानाबाई हसल्या.

गणपतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ऊस," ते म्हणाले.

"आन् तिथं पैलं काय इचारतील?" तानाबाईंनी विचारलं.

"शेजाऱ्याशी बोलून पाहिलं का, हे."

तानाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चहा उतू गेला.

"बोलला नाहीत?"

"त्यानं काटं टाकलं, मी नोटीस धाडली. बोलायला येळ कुठं हुता?"

तानाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मग गणपतरावही.

"अरुणानं हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं," वकील म्हणाले, आणि तेही हसत राहिले.

चहा पिऊन पाहुणे उठले. वकील, नोटीस, कोर्ट, सगळं करून झालं होतं. पिराजीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.