बसऱ्याची परात

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची परात आहे. जन्म बसऱ्याचा, सध्याचा मुक्काम आष्ट्यात, गोठ्यात.

तांबटाने मला चार महिने ठोकलं, आणि मी हाजी हमीदांच्या घरी गेले. माझ्याभोवती दहा माणसं जेवायला बसत. परात एक, घर एक, मतही एकच. ते हाजींचं. त्यांचं पोट भरलं की सगळ्यांचं भरायचं. याला ते एकोपा म्हणत.

त्रेचाळीस साली त्यांचा थोरला, सलीम, इंग्रजांच्या लष्करी गुदामात कारकून झाला आणि एनॅमलची थाळी घेऊन आला. "मी माझ्या थाळीत जेवणार."

"आज थाळी वेगळी, उद्या चूल. ती थाळी घरात आहे तोवर कुणी जेवायचं नाही," हाजी म्हणाले.

दोन दिवस घर उपाशी. सलीम मांडीवर थाळी घेऊन स्वातंत्र्य भोगत होता, तेही रिकामं.

तिसऱ्या दिवशी गुदामावरचा नाईक आकाराम, आपल्या आष्ट्याचा, पाहुणा आला. म्हणजे शिजवणं भाग. माझ्यात भाताचा डोंगर, वर मटण. पहिला हात पाहुण्याने घालायचा. भुकेली मंडळी बाह्या सारून थांबलेली.

आकाराम गारठला. दहा जणांचं उष्टं! "आयला कळलं तर उंबरा वलांडू द्यायची न्हाई," असं पुटपुटत त्याने सलीमची थाळी आपल्यासाठीच मांडलीय असं समजून पुढे केली.

पाहुण्याला नाही म्हणणं हाजींच्या सात पिढ्यांत बसत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने थाळीत वाढलं.

"म्हणजे थाळी चालते, बाबा," सलीम म्हणाला.

हाजी जेवले नाहीत. जेवणं उरकल्यावर त्यांनी मला आकारामच्या हाती दिलं. "घेऊन जा. आता हिच्याभोवती कुणी बसणार नाही." सलीमने ते मान खाली घालून हिंदीत सांगितलं.

आष्ट्यात आकारामची आई, राहीबाई, मला न्याहाळत म्हणाली, "हिच्यात कोण जेवायचं रं?"

"समदी, आये. एकदम."

"चुलीम्होरं आनू नगंस. म्हशीला आंबोण घाल हिच्यात."

या घरात ज्याचं त्याचं ताट आहे. मात्र आपली बायको कोण, हे राहीबाईने ठरवलं आणि आकारामला हळदीच्या दिवशी कळलं. वेगळ्या ताटाने माणूस सुटतो, असं मानणाऱ्या सलीमला हे कुणीतरी कळवायला हवं होतं.

परवा त्याचंच पत्र आलं. इंग्रजीत होतं, शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवलं. त्याने वेगळं बिऱ्हाड केलं. हाजी त्याच्याकडे राहायला आले, पण थाळीला हात लावत नाहीत, वाळत चालले आहेत. परात परत मिळेल का?

"आये, धाडू काय?"

"आन् म्हशीनं कशात खायाचं? न्हाई म्हनून लिव."

आकारामने गुरुजींकडून तसं लिहून घेतलं.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखा. माणसांची तुमच्याच्याने होणार नाही.